टेंभेकाकूंचं सोनं आणि पितळ

टेंभेकाकू माणसाचं तोंड नंतर पाहायच्या. आधी कान, मग गळा, मग हात, आणि वेळ उरलाच तर तोंड. मी लग्न होऊन रायपुरातल्याच गुढियारीतून पुरानी बस्तीत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात भाजीचा ठेला उभा होता. नवी नवरी म्हणून मी पदर सावरत, जमेल तेवढी घरंदाज दिसत मेथी निवडत होते. तेवढ्यात शेजारून कुणीतरी माझ्या कानाच्या पाळीला हात लावला.

"ह्या कुड्या कोणाच्या गं?"

वळून पाहिलं तर एक ठेंगण्या, गोऱ्या बाई. फुलाफुलांची नायलॉनची साडी, पायात रबरी चपला, काखेत दुधी भोपळा, आणि कानांच्या वरच्या कडेला टपोऱ्या मोत्यांच्या जुन्या बुगड्या. अशा बुगड्या मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिल्या होत्या.

"माझ्या," मी म्हणाले.

"तुह्या आहेत ते दिसूनच राहिलं. तुह्याआधी कोणाच्या होत्या?"

"आजीच्या. आईच्या आईच्या."

"मग तसं सांगत जाय. मोत्याले अत्तर लावू नको. संध्याकाळी चहाले ये." एवढं बोलून त्या भाजीवाल्याकडे वळल्या आणि दुधीला नख लावून त्याच्याशी भांडू लागल्या. माझं नाव विचारायचं त्यांना बऱ्याच दिवसांनी सुचलं.

संध्याकाळी चहाला गेले आणि दारातच थबकले. घर साधंच होतं, खाली दोन खोल्या आणि वर एक, पण आत पाऊल ठेवायला जागा शोधावी लागत होती. कोपऱ्याकोपऱ्यात समया, देवळीत पितळी घोडे, खिडकीत रंगीत काचेच्या हंड्या. स्वयंपाकघरात, बरोबर गॅसच्या शेगडीवर, लोलकांचं एक झुंबर लटकत होतं. त्याच्या प्रत्येक लोलकावर फोडणीचा पिवळसर थर बसला होता.

"हे इथे काहून लावलं?" मी विचारलं.

"माझा निम्मा जन्म इथे जाते. मग झुंबर काय दिवाणखान्यातल्या सोफ्यासाठी लावू?"

त्या घरात कुठलीही वस्तू नुसती शोभेला नव्हती. पानदानात जिरं-मोहरी होती. अत्तरदाणीत टेंभेकाकांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या. चांदीच्या गुलाबदाणीनं काकू इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडायच्या. पाहुण्याला पाणी कशातून मिळेल याचा नेम नसे. मला त्या दिवशी एका नक्षीदार चंबूतून मिळालं आणि निम्मं साडीवर सांडलं. काकू मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळेतही त्या रोज एक तरी जुना दागिना घालून जात, आणि मुली म्हणे काकूंच्या तासाला नद्यांपेक्षा त्यांच्या गळ्याकडेच जास्त लक्ष देत.

टेंभेकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. एवढ्या पसाऱ्यात त्यांची म्हणून एक वेताची खुर्ची होती. तीही जुनी असल्यामुळे मधूनमधून काकूंची नजर तिच्यावर जात असे. काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता, स्वतःच्या छातीवर बोट ठेवत मला म्हणाले होते, "या घरात वय वाढूनही भाव न वाढलेली एकच वस्तू आहे. तिच्या शेजारी बस."

हे वेड काकूंना माहेरून मिळालं होतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी. वडील रेल्वेत, गुढियारीच्या मालधक्क्यावर बाबू. रविवार आला की छोट्या उषाला, म्हणजे काकूंना, सायकलच्या दांडीवर बसवायचे आणि कबाड्यांच्या दुकानांतून फिरायचे. मोडीत आलेली पितळ-काशाची भांडी एकेक करून नखानं वाजवायचे आणि मुलीला विचारायचे, "सांग, पितळ का कासं?" काशाचा नाद लांबत जातो, पितळेचा लवकर बसतो. हे मुलीला बाराखडीच्या आधी कळलं. घरी येताना तांदळाच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी सोबत असायचंच. आई दारात उभी राहून म्हणायची, "आणलं का पुन्हा कोणाच्या तरी घरचं?"

आईचं वेड वेगळं. ती नागपूरची. लग्नात तिच्या अंगावर जे आलं होतं ते तिच्या आजीचं, पणजीचं. दर दिवाळीच्या आधी ती रिठ्याच्या पाण्यात सोनं घाली, मोती मलमलीच्या फडक्यानं पुसत बसे, आणि मुलीकडून नावं घोटून घेई: ही ठुशी, ही चिंचपेटी, ही वज्रटीक. वज्रटीक म्हणजे गळ्याला घट्ट बसणारी, कापडी पट्टीवर सोन्याचे मणी शिवलेली. पट्टी जुनी झाली की आई स्वतः नवी शिवायची, दुसऱ्या कुणाला सुई लावू द्यायची नाही. "बाबांचं पितळ वाजवून पाह्यचं आणि आईचं सोनं पुसून पाह्यचं, यातच माझं बाळपण गेलं," काकू म्हणायच्या. "अभ्यास मधल्या वेळात केला."

खरा मोती दाताला घासला की खरखरतो, हेही आईनंच शिकवलेलं. काकू ते भर लग्नातही करून पाहत. एकदा काकांच्या कचेरीतल्या कुणाच्या तरी मुलाच्या लग्नात वरमाय आपल्या मोत्यांच्या सरीचं फार कौतुक सांगत होत्या, आजीनं मरताना दिलेली सर म्हणून. काकूंनी "पाहू जरा" म्हणत सरळ ती सर दाताला लावली. मांडवातल्या बायका वळून पाहू लागल्या. काकूंनी सर हळूच त्यांच्या गळ्यात परत ठेवली आणि म्हणाल्या, "लय छान आहे. जपा." परतताना रिक्षात मी विचारलं, "खरे होते?"

"प्लास्टिक," काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण आजी तर खरी होती नं तिची."

अशा या हसऱ्या बाईला मी फार काळ गप्प राहिलेलं पाहिलंय, आणि त्याचं कारण तीच वज्रटीक.

काकूंची आई गेली तेव्हा भावानं, अनिलनं, वाटणीत घर घेतलं आणि काकूंनी स्वखुशीनं बाबांचं सगळं पितळ आणि आईचे बरेचसे दागिने घेतले. वज्रटीक मात्र आईनं सुनेसाठी ठेवली होती, ती सुलभाकडे गेली. त्यानंतरच्या एका भाऊबीजेला काकू शंकर नगरला भावाकडे गेल्या. सुलभा फराळाचं ताट घेऊन आली. काकूंची नजर सवयीनं तिच्या गळ्याकडे गेली.

"चेन नवीन दिसते. कोणाची होती आधी?"

सुलभा खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. "आईंची वज्रटीक मोडली, ताई. त्याच्यात दोन चेनी झाल्या."

काकूंनी हातातली करंजी ताटात ठेवली आणि उठून घरी आल्या. मग बोलणं बंद. किती वर्षं ते मला नक्की सांगता यायचं नाही. अनिलची मुलगी शाळेत होती ती कॉलेजात गेली, एवढं आठवतं. शंकर नगर काही परदेशात नाही, पण मधल्या काळात काकू त्या रस्त्यानंसुद्धा गेल्या नाहीत. वाईट एवढंच झालं नाही. त्यांनी बुगड्या काढून कपाटात ठेवल्या, कपाटाला कुलूप घातलं. आम्हाला चहा स्टीलच्या कपांतून मिळू लागला. "कोणाचा भरवसा नाही," म्हणायच्या. काका एकदा मला हळूच म्हणाले, "घरात चालायले जागा झाली आहे. मले करमून नाही राहिलं."

ही कोंडी फोडली ती सुलभानंच. हिवाळ्यातली दुपार होती. काकू आणि मी ओसरीवर वाटाणे सोलत बसलो होतो, काका वेताच्या खुर्चीत. फाटकाशी स्कूटी थांबली. सुलभा आत आली, आम्हाला काही बोलू न देता खाली बसली आणि परातीतल्या शेंगा सोलू लागली. निम्मी परात सोलून झाली. मग तिनं पर्समधून रुमाल काढून काकूंच्या मांडीवर उघडला. आत बोटभर रुंदीची एक कापडी पट्टी होती. कधीकाळी लाल असावी, आता विटकरी झालेली. तिच्यावर सुईची छिद्रं, आणि कडेनं पिवळ्या दोऱ्याचे बारीक, एकसारखे टाके.

"सोनारानं मणी काढून घेतले," सुलभा म्हणाली. "पट्टी फेकून देत होता. मी मागून घेतली. आईंचा टाका होता तो, म्हणून."

काकू त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. "तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही उठून गेल्या. कोणाले सांगू?" सुलभाचा आवाज चढला नव्हता, पण ती थांबणार नाही हे कळत होतं. "ताई, लग्न होऊन आले तेव्हापासून सगळे म्हणत, वज्रटीक सुलभाची आहे. पण माझ्या गळ्यात ती एकदाही पडली नाही. दिवाळीले आई काढत, पुसत, मले दाखवत आणि ठेवून देत. हात लावायले गेले की म्हणत, हात ओला आहे का तुझा? त्या गेल्या, डबा माझ्या हाती आला, उघडून पाह्यला, तर मले काहीच वाटलं नाही. दुकानातल्या काचेमागे असते नं एखादी वस्तू, तशी वाटली. त्या चेनी मी रोज घालते. त्या माझ्या आहेत."

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. काकू उठल्या. मला वाटलं, या पुन्हा निघून जातात. पण आत कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि काकू बाहेर आल्या त्या मोत्यांची चिंचपेटी घेऊन. आईची, सगळ्यांत आवडती. त्या सुलभाच्या मागे जाऊन बसल्या आणि तिच्या गळ्यात ती बांधू लागल्या.

"ताई, हात ओले आहेत माझे. शेंगांचे."

"असू दे," काकू म्हणाल्या. गाठ बांधायला त्यांना बराच वेळ लागला, कारण त्या रडत होत्या. "घालून घरी जाय. आजच्या आज परत आणू नको. बाजारात घालून जाय, दळणाले घालून जाय."

सुलभा सुती साडीवर चिंचपेटी आणि डोक्यावर हेल्मेट अशा थाटात स्कूटीवरून गेली. काकू फाटकाशी उभ्या राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत होत्या. मग मला म्हणाल्या, "आईचं चुकलं. माझंही तेच होऊन राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी कानांत बुगड्या परत आल्या. आणि त्याच महिन्यापासून काकूंनी दागिने घालायला द्यायला सुरुवात केली. कुणाची मुलगी नवरी होणार, कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाचा कॉलेजातला कार्यक्रम; ओळख असो नसो, मागितलं की मिळायचं. रायपूरच्या मराठी घरांत हळूहळू रीतच पडली की लग्न ठरलं की आधी हॉल पाहायचा आणि मग टेंभेकाकूंकडे जायचं. भाडं नाही, चिठ्ठी नाही. अट एकच: मिरवायचं, आणि परत आणताना कोण काय म्हणालं ते बसून सांगायचं. काकूंना ते ऐकायला इतकं आवडे की लग्नाला स्वतः जाऊन आल्या असल्या तरी त्या पुन्हा सगळं विचारत.

"एखादीनं नाही आणून दिलं तर?" मी म्हणायची.

"तर तिले आवडलं म्हणायचं."

बोलायला सोपं होतं. मग पल्लवीचं लग्न आलं.

पल्लवी गुढियारीची, माझ्या माहेरच्या ओळखीतली. गोड पोरगी. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. तिचं लग्न नागपूरच्या मुलाशी ठरलं होतं. काकूंनी तिला सुलभाकडून परत आलेली चिंचपेटी दिली आणि आईची नथ दिली, जी त्या सहसा कुणाला देत नसत. लग्नाच्या आदल्या दिवशी दागिने घालून फोटो काढायचे म्हणून पल्लवी स्टुडिओत गेली, आणि तिथून परस्पर ऑफिसातल्या एका छत्तीसगढी मुलासोबत निघून गेली. अंगावरच्या सगळ्या दागिन्यांसकट.

तिची आई रडत काकूंकडे आली. पोरगी गेल्याचं दुःख होतंच, पण तोंडातून येत होतं ते भलतंच. "काकू, तुमचे दागिने! तुमच्या आईची नथ! मी काय तोंड दाखवू?"

काकूंनी तिला पाणी दिलं. "पोट्टी बरी आहे नं?"

"हो, फोन केला होता."

"पोट्टा कमावता आहे?"

"आहे म्हणते."

"मग झालं. चूप हो आता."

आणखी कुणी म्हणालं, ठाण्यात रिपोर्ट लिहा. काकू म्हणाल्या, "काय लिहू? माझी नथ लग्नाले गेली, असं लिहू?"

सगळे हसले, पण काका नंतर मला म्हणाले की काकूंचं जेवणात लक्ष नाही. फाटक वाजलं की पोळी अर्धी टाकून उठतात. पल्लवीचा फोन मग लागेनासा झाला. एक महिना गेला, दुसरा संपत आला. काकूंनी त्या काळातही दोन मुलींना दागिने दिले, पण देताना हात जरा रेंगाळायचा.

एका दुपारी मोटरसायकल थांबली. पल्लवी उतरली, फाटकाशी घुटमळली. नवरा गाडीजवळच उभा राहिला, हेल्मेटसुद्धा न काढता. बहुधा पळायची तयारी असावी. पल्लवीनं रुमालाची पुरचुंडी काकूंच्या हातात दिली. काकूंनी नथ उचलली, उजेडात धरली आणि एकदम ओरडल्या, "साबणानं धुतली?"

"काकी, वो मेकअप लग गया था..."

"अगं मोत्याले साबण? मोत्याले? अक्कल आहे का तुले?"

अख्ख्या गल्लीला वाटलं, काकू पळून जाण्यावरून बोलून राहिल्या. पल्लवी मुळूमुळू रडायला लागली. तेव्हा काकूंनी तिला हाताला धरून ओसरीवर बसवलं. "आता सांग. नथ घातली तेव्हा कोण काय म्हटलं?"

"सासूमाँ ने," पल्लवी नाक पुसत म्हणाली. "गाँव में सब गुस्सा थे. हम पहुँचे तो कोई बात ही नहीं कर रहा था. फिर सासूमाँ ने लालटेन... नहीं, मोबाइल की लाइट मेरे मुँह पे मारी, और बोलीं, अब्बड़ सुग्घर लागत हे, बहुत सुंदर दिख रही है. और ये उतारकर मुझे पहना दी."

तिनं हात पुढे केला. मनगटात पिळाची, जाड, काळवंडलेली चांदीची ऐंठी होती, इकडच्या खेड्यांतल्या बायका घालतात तशी. काकूंनी तो हात दोन्ही हातांत घेतला.

"कोणाची होती आधी?"

"सासूमाँ की. उनके पहले उनकी सास की."

काकूंनी ऐंठी फिरवून फिरवून पाहिली. नथ मांडीवर तशीच पडून होती. मग त्यांनी फाटकाकडे पाहून हाक मारली, "अहो जावई, ते डोक्यावरचं काढा आणि आत या. चहा घेता का?" आणि लगेच पल्लवीच्या आईला फोन लावला. "तुही पोट्टी माझ्याकडे आहे. ये. रडत येऊ नको. तिच्या हातात काय आहे ते पाह्यले ये."

आई आली. आधी रडलीच. पण काकूंनी ऐंठीचा विषय काढून तिला इतका वेळ बोलू दिलं नाही की शेवटी तिनं जावयाला दुसरा चहा हवा का, असं स्वतःहून विचारलं.

काकू-काका आता हैदराबादला मुलीकडे राहतात. जाताना पितळ सुलभाच्या घरी गेलं, दागिनेही तिच्याच ताब्यात आहेत आणि देण्याघेण्याचं ती पाहते. काकूंचा आठवड्याला फोन असतो. पण मी त्यांना डोळ्यांनी शेवटचं नीट पाहिलं ते त्यांनी रायपूर सोडायच्या जरा आधी, एका दवाखान्यात. त्यांची कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता. काका, सुलभा आणि मी सोबत होतो.

मशीनवरची मुलगी म्हणाली, "आंटी, सब निकालना पड़ेगा. मेटल कुछ नहीं चलेगा." आणि तिनं एक प्लास्टिकची थैली पुढे केली.

काकूंनी थैलीकडे पाहिलं. "इसमें? मटर है क्या ये?"

मुलगी हसली, पण नियम तो नियम. काकूंनी एकेक उतरवायला सुरुवात केली. मोहनमाळ काढून त्यांनी थेट सुलभाच्या गळ्यात घातली. पाटल्या माझ्या हातांत चढवल्या, साबण न लावता, त्यामुळे मला थोडं कळवळायलाही झालं. बुगड्या कुणाला द्याव्यात हा प्रश्न पडला, कारण कानाच्या वरच्या कडेला भोक आमच्यापैकी कुणालाच नव्हतं. तेवढ्यात फरशी पुसणारी आयाबाई समोरून आली. तिच्या कानाला वरपासून खालपर्यंत भोकं होती. ती नको नको म्हणत असताना काकूंनी बुगड्या तिच्या कानात अडकवल्या आणि जरा मागे होऊन पाहिलं. "बरोबर," म्हणाल्या.

राहिलं मंगळसूत्र. काका म्हणाले, "आण, खिशात ठेवतो."

"खिशात काहून? घाला नं."

"उषा, लोक आहेत."

"तुम्हीच बांधलं होतं. थोडा वेळ तुम्ही घातलं तर काय झालं?"

काकांनी चष्मा काढला, मंगळसूत्र डोक्यावरून घातलं आणि पुन्हा चष्मा लावला. काकूंना चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. दार बंद झालं आणि मशीनचा ठकठक आवाज सुरू झाला. आम्ही बाकावर बसलो. आयाबाई कामाला गेली नाही. पोछा भिंतीला टेकवून तीही आमच्याजवळ उभी राहिली. समोर एक खेड्यातले म्हातारे बसले होते. त्यांनी काकांच्या निळ्या शर्टावर लोंबणाऱ्या काळ्या मण्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि शेवटी न राहवून हे काय घातलंय म्हणून विचारलं.

"ये का पहिरे हव, कका?"

"ड्यूटी पर हूँ, भैया," काका म्हणाले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. काकू बाहेर आल्या. कान मोकळे, गळा मोकळा, हात मोकळे, अंगावर दवाखान्याचा ढगळ निळा अंगरखा. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. कंबरेचं काही गंभीर नाही, असं त्या मुलीनं तिथेच हळूच सांगितलं होतं, पण काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. आम्ही लगबगीनं एकेक उतरवायला लागलो तशी त्यांनी हात वर केला.

"थांबा गं. घाई काहून? बसा असेच. मले पाहू द्या जरा."

आयाबाईनं लाजून पदर सारखा केला. सुलभानं मोहनमाळ बाहेर काढून नीट छातीवर ठेवली. आणि काकांनी मंगळसूत्राच्या वाट्या शर्टाच्या मधोमध आणल्या, फोटो काढायला बसावं तसे ताठ बसले आणि आपल्या बायकोकडे पाहून हसले.